बॅकएंडचं उरलेलं काम: आधी गप्प चुका, मग बोलक्या

बॅकएंड म्हणजे कंपायलरचा शेवटचा भाग, प्रोग्रामचं एका ठरावीक प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनांत रूपांतर करणारा. हातात आलेला बॅकएंड ‘चालतो’ म्हणजे नक्की काय करतो, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आमच्याकडे आला तेव्हा बोर्डावरचा एलईडी लुकलुकत होता, सिरियल पोर्टवर ‘नमस्कार पुणे’ उमटत होतं आणि हँडओव्हरच्या कागदात एक ओळ होती: किरकोळ कामं बाकी. त्या किरकोळ कामांत बाणेरच्या ऑफिसात आमचे चौदा महिने गेले.

असाच अर्धा झालेला बॅकएंड ज्यांच्या गळ्यात पडलाय, त्यांच्यासाठी हा लेख. बॅकएंड शून्यातून कसा उभा करायचा हे सांगणारं साहित्य पुष्कळ आहे. उरलेलं काम कुठल्या क्रमाने उचलायचं, हे मात्र जो तो ठेच लागल्यावर शिकतो. उदाहरणं एलएलव्हीएम या मुक्त कंपायलर-संचातली आहेत, कारण आमचं काम त्यावर होतं. जीसीसी या दुसऱ्या मुक्त कंपायलरात नावं वेगळी, दुखणी तीच.

सोयीसाठी एक छोटा १६ बिटी कोअर, म्हणजे प्रोसेसर, डोळ्यांसमोर ठेवा. सामान्य वापराची १६ रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतले चिमुकले कप्पे), त्यातलं एक स्टॅक पॉइंटर (मेमरीतल्या स्टॅकचं टोक दाखवणारं) आणि एक परतीच्या पत्त्यासाठी राखीव. मेमरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लोड-स्टोअरमध्ये ऑफसेटला (आधारपत्त्यापासूनच्या अंतराला) चिन्हासकट ६ बिट, म्हणजे −३२ ते +३१ बाइट. शर्तीच्या ब्रँचला (अट पटली तर मारायच्या उडीला) ८ बिट, दोन बाइटांच्या पटीत, म्हणजे २५६ बाइट मागे आणि २५४ पुढे. शिफ्ट एका वेळी एकाच बिटाची. गुणाकार आहे, पण त्याचं ३२ बिटी उत्तर एमएच आणि एमएल या दोन खास रजिस्टरांत पडतं. भागाकार नाही. बेरीज, वजाबाकी, तुलना या तिन्ही क्रिया फ्लॅग, म्हणजे ‘शून्य आलं का, उणे आलं का’ अशा खुणा, बदलतात. असे कोअर मोटर कंट्रोलरपासून गॅस मीटरपर्यंत कुठेही भेटतात.

कामांची वाटणी

उरलेल्या कामांचे तीन ढीग करा. पहिला बोलक्या चुकांचा: कंपायलर ‘कॅनॉट सिलेक्ट’ (याला इन्स्ट्रक्शन सापडत नाही) म्हणून कोसळतो, इन्स्ट्रक्शनांचे बाइट बनवणारा असेंबलर शिव्या घालतो, तुकडे जोडणाऱ्या लिंकरला सिम्बॉल सापडत नाही. दुसरा गप्प चुकांचा: सगळं बिनबोभाट कंपाइल होतं आणि चुकीचा कोड बाहेर पडतो. तिसरा आळसाचा: कोड बरोबर आहे, पण मोठा किंवा मंद.

बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, तसं इथे होतं. बोलक्या चुका मोजता येतात, दर आठवड्याला आकडा खाली येताना दिसतो, मॅनेजर खूश. आम्हीही पहिले तीन महिने तेच केलं, आणि ती आमची सगळ्यात मोठी चूक ठरली. कंपायलर कोसळला तर तुमचा वेळ जातो. गप्प चूक ग्राहकाच्या यंत्रात जाऊन बसते.

गप्प ढीग भरायचा कसा? कोडमध्ये ‘टुडू’ आणि ‘फिक्समी’ अशा ‘नंतर करू’च्या टिपा शोधा, ते झालंच. पण खरा माल असतो तो काहीही न करता शून्य किंवा खोटं परत करणाऱ्या फंक्शनांत. इन्स्ट्रक्शनचा आकार सांगणारं फंक्शन स्यूडो, म्हणजे पुढे खऱ्या इन्स्ट्रक्शनांत फोडायच्या, इन्स्ट्रक्शनला शून्य सांगत असेल, तर ब्रँचचं अंतर मोजणारा प्रत्येक पास (कंपायलरची कोडवरची एक फेरी) चुकणार. टेस्टच्या फोल्डरमधल्या ‘अपयश अपेक्षित’ अशा खुणा एकेक उघडून पाहा. आम्हाला अशा अकरा सापडल्या. त्यातल्या चार टेस्टमध्ये टेस्टचं काहीच चुकलेलं नव्हतं, बॅकएंड चुकत होता आणि कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी खूण मारून घरी गेलं होतं.

सिम्युलेटर कडक करा

बॅकएंडला हात लावण्याआधी दोन आठवडे सिम्युलेटरवर, म्हणजे कोअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, घालवा. खरा बोर्ड लागेलच. तापकीर गल्लीत जाऊन यूएसबी-सिरियलचे चार तुकडे आणि एक स्वस्तातला लॉजिक अॅनालायझर आणून ठेवा. पण हजारो टेस्ट बोर्डावर चालवायच्या म्हटल्या तर म्हातारपण येईल.

साधा सिम्युलेटर इन्स्ट्रक्शन चालवतो आणि उत्तर देतो. तुम्हाला खाष्ट सासूसारखा सिम्युलेटर हवा. सुरुवातीला सगळ्या रजिस्टरांत आणि रॅममध्ये कचरा भरा, शून्य नको. शून्य फार चुका झाकतं. विषम पत्त्यावरून शब्द वाचला की थांबा. प्रत्येक कॉलला स्टॅक पॉइंटर आणि बोलावलेल्या फंक्शनने (कॅलीने) जपायची रजिस्टरं टिपून ठेवा आणि परतताना ताडून पाहा. आणि यातलं सगळ्यात मोलाचं: रँडम जागी इंटरप्ट (चालू काम थांबवून हँडलर नावाचं फंक्शन चालवणारा हार्डवेअरचा इशारा) मारा, आत शिरताना झाडून सगळी रजिस्टरं टिपा, बाहेर पडताना एकही बदललेलं दिसलं तर आरडाओरडा करा. झाडून सगळी म्हणजे फ्लॅग, एमएच, एमएलसुद्धा. हा शेवटचा भाग लिहायला दोन दिवस लागतात.

मग जीसीसीच्या टेस्ट-संचातला ‘सी-टॉर्चर’मधला एक्झिक्यूट विभाग घ्या. तुमचा बॅकएंड एलएलव्हीएमचा असला तरी घ्या. त्यातली प्रत्येक फाइल एक छोटा प्रोग्राम आहे: उत्तर चुकलं की अॅबॉर्ट, बरोबर आलं की एक्झिट. ओ०, ओ१, ओ२ आणि ओएस, ऑप्टिमायझेशनच्या चारही पातळ्यांवर चालवा. काही टेस्ट १६ बिटी मेमरीत मावणारच नाहीत. त्या वगळताना कारण शेजारी लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी ‘ही का वगळली’ यावर चहाचे दोन राउंड जातात.

भोसरीचा पंप

हे सगळं आम्ही उशिरा केलं. म्हणूनच पुढचं घडलं.

भोसरीत एका पंपाच्या पॅनेलमध्ये आमचा बोर्ड चाचणीसाठी बसवला होता. तिथल्या वायरमनकाकांचा फोन आला: “साहेब, मोटर रात्री आपोआप बंद पडते. सकाळी रिसेट मारला की गुमान चालते. लाइटीचा दोष नाही, मी तपासलंय.” काकांचं बरोबर होतं. दोष कंपायलरचा होता.

मुख्य लूपमध्ये करंट आणि वेळ यांचा गुणाकार व्हायचा. गुणाकाराची इन्स्ट्रक्शन, मग एमएलमधून एका रजिस्टरात, मग एमएचमधून दुसऱ्यात. नेमका या तिघांच्या मधे टायमरचा इंटरप्ट आला, आणि त्या हँडलरनेही आत एक गुणाकार केला, की बाहेरच्या गुणाकाराचं उत्तर गेलं. करंट अवाच्या सवा दिसायचा आणि ओव्हरलोड समजून मोटर बंद. ही खिडकी दोन इन्स्ट्रक्शनांची, म्हणून दोन-तीन दिवसांतून एकदाच.

कारण साधं होतं. इंटरप्ट हँडलरने जपायच्या रजिस्टरांच्या यादीत सामान्य वापराची सगळी होती. किमतींना रजिस्टरं वाटणारा अॅलोकेटर एमएच आणि एमएल कधी वाटत नाही, म्हणून यादी करणाऱ्याला ती आठवलीच नाहीत. आम्ही ती घातली: हँडलरमध्ये एमएच किंवा एमएल बदलत असेल तर जपा. टेस्ट पास, बोर्ड पुन्हा भोसरीला.

नऊ दिवसांनी काकांचा पुन्हा फोन.

या वेळी हँडलर स्वतः गुणाकार करत नव्हता. कुणीतरी तो कोड वेगळ्या फंक्शनात काढला होता आणि हँडलर ते फंक्शन बोलावत होता. बोलावलेल्या फंक्शनच्या लेखी एमएच, एमएल ही कॉल करणाऱ्याने जपायची रजिस्टरं, त्यामुळे त्याने ती बेलाशक वापरली. हँडलरला आतलं दिसत नाही. नियम असा हवा: इंटरप्ट हँडलरमध्ये एकही कॉल असेल, तर कॉल करणाऱ्याने जपायचं प्रत्येक रजिस्टर जपायचं, स्वतः वापरलं असो वा नसो. एलएलव्हीएममध्ये ही जागा म्हणजे फ्रेम (फंक्शनला स्टॅकवर मिळणारी जागा) आखणाऱ्या फ्रेम लोअरिंगमधलं जपायची रजिस्टरं ठरवणारं फंक्शन. जीसीसीत हेच काम, हँडलर ‘लीफ’ म्हणजे कुणालाही न बोलावणारं फंक्शन आहे का, हा प्रश्न विचारून होतं. टेस्ट दोन लिहा: एक कॉल नसलेल्या हँडलरची, एक कॉल असलेल्याची. आणि जपलेलं परत त्याच रजिस्टरांत लिहिता येतं ना, हे हार्डवेअरच्या टीमला विचारा. एमएच फक्त वाचता येतो असा कोअर असू शकतो. तसं असेल तर गुणाकार आणि त्याची दोन वाचनं इंटरप्ट बंद करूनच करावी लागतात.

फ्लॅग कोण पुसतं

गप्प चुकांचा हा दुसरा नमुना जवळून बघण्यासारखा आहे. समजा कोड असा निघाला: आर४ आणि आर५ची तुलना, मग ‘लहान असेल तर तिकडे जा’. रजिस्टरं कमी पडली म्हणून अॅलोकेटरने या दोघांच्या मधे स्टॅकवरून एक किंमत उचलणारा लोड टाकला. लोड फ्लॅगला हात लावत नाही, म्हणजे ठीक. पण हा स्लॉट स्टॅक पॉइंटरपासून ७० बाइट लांब आहे आणि ऑफसेट ३१च्या पुढे जात नाही. म्हणून फ्रेम इंडेक्स काढून स्लॉटांना खरे पत्ते देणारा पास आधी पत्ता तयार करायला एक बेरीज टाकतो. बेरीज फ्लॅग बदलते. आता ब्रँच पत्त्याच्या बेरजेवर ठरते.

लहान फंक्शनांत हे कधीच दिसणार नाही. टेस्ट लिहिणारे लहानच फंक्शनं लिहितात.

उपाय तीन. पत्त्याचं गणित करणारी, फ्लॅगला न शिवणारी इन्स्ट्रक्शन हार्डवेअरमध्ये असेल तर ती वापरा, सगळ्यात स्वस्त. ती नसेल तर तुलना आणि ब्रँच मिळून एकच स्यूडो इन्स्ट्रक्शन ठेवा आणि ती फ्रेमचं काम संपल्यावरच फोडा. मग मधे घुसायला जागाच उरत नाही. तिसरा उपाय फ्लॅग जपून परत आणण्याचा, तो महाग आहे. आम्ही दुसरा घेतला. त्यामुळे लागोपाठच्या दोन तुलनांतली एक वाचवण्याची संधी जाते, पण मी तो सौदा आजही करेन.

त्याचबरोबर इन्स्ट्रक्शनांच्या वर्णनाची फाइल वरून खाली वाचा. फ्लॅग बदलणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रक्शनवर तसं जाहीर केलेलं हवं, मेमरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांवर ती खूण हवी. मशीन व्हेरिफायर, म्हणजे तयार होणारा कोड ताडून पाहणारा एलएलव्हीएमचा भाग, चालू ठेवून सगळ्या टेस्ट चालवा. पण लक्षात घ्या, व्हेरिफायर तुम्ही जाहीर केलेलंच ताडून पाहतो. बेरीज फ्लॅग बदलते हे तुम्ही सांगितलंच नसेल, तर त्या बिचाऱ्याला ते कळणार कुठून?

फ्रेम मोठी झाली की

वरच्या पत्त्यासाठी एक मोकळं रजिस्टर लागतं, आणि अॅलोकेशन तर आधीच उरकलेलं असतं. एलएलव्हीएमचा रजिस्टर स्कॅव्हेंजर मोकळं रजिस्टर हुडकतो. नाहीच मिळालं तर एक रजिस्टर आणीबाणीच्या स्लॉटमध्ये टाकून ते वापरतो. हा स्लॉट तुम्ही आधीच राखायचा असतो, आणि तो स्टॅक पॉइंटरच्या ३१ बाइटांच्या आत हवा. तो लांब गेला तर त्याच्यापर्यंत पोचायला पुन्हा मोकळं रजिस्टर लागतं. विहिरीतला दोर काढायला दुसरा दोर.

टेस्ट: १०, १०० आणि ४,००० बाइटांचे स्थानिक अॅरे, प्रत्येकी अॅलोकासह (चालताना स्टॅकवर जागा मागणाऱ्या कॉलसह) आणि अॅलोकाशिवाय, वर चौदा-पंधरा जिवंत किमती. प्रोलॉग, म्हणजे फंक्शनची सुरुवातीची मांडामांड, तीही तपासा: स्टॅक पॉइंटर आधी खाली आणायचा, मगच लिहायचं. आमच्या जुन्या कोडमध्ये मोठ्या फ्रेमसाठी हा क्रम उलटा होता. मधे इंटरप्ट आला की नुकतं लिहिलेलं पुसलं जायचं.

ब्रँच, फिक्सअप आणि व्होलटाइल

असेंबलरच्या फिक्सअपमध्ये (मागे रिकाम्या ठेवलेल्या जागी पत्ता भरताना) किंमत ठरलेल्या बिटांत मावते का, हे तपासणारी ओळ आहे का पाहा. नसेल तर ३०० बाइट पुढे जाणाऱ्या ब्रँचचे वरचे बिट छाटले जातात आणि ती भलतीकडे उडी मारते. ही तपासणी अर्ध्या दिवसाचं काम आहे, आजच करा. मग पल्ल्याबाहेरच्या ब्रँच लांब उडीत बदलणारा ब्रँच रिलॅक्सेशनचा पास लावा. त्याला अट उलटवणारं, ब्रँच काढणारं-घालणारं, ब्रँच पल्ल्यात आहे का सांगणारं आणि लांब उडी घालणारं अशी फंक्शनं लागतात. इन्स्ट्रक्शनच्या खऱ्या आकाराचा प्रश्न वर आलाच आहे. इनलाइन असेंबलीचा आकार ओळींच्या संख्येवरून अंदाजाने धरला जातो. मॅक्रोतून एका ओळीत दहा इन्स्ट्रक्शन टाकणारा ग्राहक तुम्हालाही भेटेल.

असेंबलरची अजून एक स्वस्त परीक्षा: सगळ्या इन्स्ट्रक्शन असेंबल करा, डिसअसेंबल करा, पुन्हा असेंबल करा. बाइट जुळले नाहीत तर एन्कोडिंगमध्ये कुठेतरी बिट सरकलाय.

व्होलटाइलबद्दल, म्हणजे लिहिलं तस्संच व्हायला हवं अशा वाचन-लेखनाबद्दल, एवढंच: ८ बिटी स्टेटस रजिस्टर १६ बिटी लोडने कधीही वाचलं जाता कामा नये, कारण शेजारचं रजिस्टर वाचताच रिकामं होणारं असू शकतं. ३२ बिटी टायमर दोन वाचनांत येतो. वरचा अर्धा आधी की खालचा, हे कागदावर ठरवा आणि ओ२वर क्रम बदलत नाही याची टेस्ट ठेवा.

आता बोलक्या चुका

आता ‘कॅनॉट सिलेक्ट’कडे वळा. प्रत्येक ऑपरेशनला एलएलव्हीएमला सांगावं लागतं: हे मला जमतं, मोठ्या प्रकारात करून दे, तुकडे करून दे, लायब्ररीत बोलाव, किंवा मी स्वतः बघतो. जे जमत नाही ते ‘तुकडे करून दे’ म्हणून मोकळं व्हा. स्वतःच्या हातचा कोड शेवटी. जीसीसीवर काम करणाऱ्यांना मुंबई आयआयटीतल्या प्रा. उदय खेडकर यांच्या गटाची पद्धत उपयोगी पडेल: मशीनचं वर्णन एकदम पूर्ण न लिहिता पातळ्यापातळ्यांनी वाढवायचं, प्रत्येक पातळीवर चालणारा कंपायलर हातात. मागे राहिलेल्या बॅकएंडलाही हीच शिस्त लागू पडते. आधी पूर्णांकांची गणितं, मग पॉइंटर आणि अॅरे, मग कॉल, मग ६४ बिटी आणि फ्लोट.

शिफ्टकडे जरा थांबू. आपला कोअर एका वेळी एकच बिट सरकवतो, म्हणजे बदलत्या संख्येच्या शिफ्टसाठी लूप हवा. तो कस्टम इन्सर्टरमध्ये घालतात: संख्या कमी करा, एक बिट सरकवा, शून्य झालं का पाहा. आमच्या आधीच्या टीमने लूप असाच लिहिला होता, म्हणजे तपासणी शेवटी. संख्या शून्य असली की काय होतं? एक कमी केली की ६५,५३५. कोड तेवढे फेरे मारतो आणि उत्तर शून्य. आधी तपासा, मग सरकवा. स्थिर संख्येच्या शिफ्टसाठी लूप नकोच. आठने सरकवायचं असेल आणि बाइटांची अदलाबदल करणारी इन्स्ट्रक्शन असेल, तर ती अधिक एक मास्क, झालं.

भागाकार, ३२ बिटी गुणाकार आणि फ्लोटसाठी लायब्ररी लागते: जीसीसीची लिबजीसीसी किंवा एलएलव्हीएमची कंपायलर-आरटी. इथे एक जुना विनोद दबा धरून बसलेला असतो. भागाकाराचं फंक्शन सीमध्ये लिहिताना आत भागाकाराचं चिन्ह वापरलं, की कंपायलर त्याच फंक्शनला कॉल टाकतो आणि स्टॅक संपेपर्यंत ते स्वतःलाच हाका मारत बसतं. मेमकॉपीचं तर याहून मजेदार. तुम्ही साधा बाइट-बाइट कॉपीचा लूप लिहिता, ऑप्टिमायझर म्हणतो, अरे, ही तर मेमकॉपी, आणि लूपच्या जागी मेमकॉपीला कॉल टाकू शकतो, मेमकॉपीच्या आत. लायब्ररीच्या त्या फाइलींसाठी ही ओळख बंद करणारे फ्लॅग लावा आणि तयार झालेल्या ऑब्जेक्टमध्ये स्वतःलाच कॉल नाही ना, हे बिल्डमध्येच तपासा.

बदलत्या संख्येची आर्ग्युमेंटं, स्विचची जंप टेबलं, सेटजंप आणि लाँगजंप ही कामं दिवसादोन दिवसांची आहेत. अॅटॉमिकचं काम एका कोअरवर इंटरप्ट थोडा वेळ बंद करून भागतं.

एबीआय कागदावर

लायब्ररी बाहेर देण्याआधी एबीआय, म्हणजे कॉल करण्याचे नियम, लिहून काढा. ३२ बिटी किंमत सम रजिस्टरापासूनच सुरू होते का? स्ट्रक्ट किती बाइटांपर्यंत रजिस्टरांतून जातो, त्यापुढे कुठून? बदलती आर्ग्युमेंटं कायम स्टॅकवर का? आणि ज्यावर सगळे घसरतात तो प्रश्न: ८ बिटी किंमत पाठवताना वरचा बाइट कोण साफ करतो, पाठवणारा की घेणारा? दोघांनी एकमेकांवर ढकललं तर वरच्या बाइटात कचरा राहतो. दोन्ही बाजू तुमच्याच कंपायलरने बनवलेल्या असतील तर तो बहुतेक वेळा शून्यच निघतो. ग्राहकाची हाताने लिहिलेली असेंबली जोडली की मग तमाशा. म्हणून एक बाजू असेंबलीत लिहून मुद्दाम कचरा भरा आणि टेस्ट करा. जीसीसीच्या संचात स्ट्रक्टच्या मांडणीच्या अनुरूपतेच्या टेस्ट आहेत, त्याही घ्या. पहिली बायनरी लायब्ररी ग्राहकाकडे गेली की एबीआय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सी लायब्ररी म्हणून न्यूलिब किंवा पिकोलिबसी चालेल. सेटजंपची असेंबली आणि लिहिणं, वाचणं, हीप वाढवणं असे मोजके खालचे कॉल तुम्ही द्यायचे. स्टार्टअप कोडने फ्लॅशमधला डेटा रॅममध्ये उतरवायचा आणि बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबलांचा भाग) शून्य करायचं. एवढं लिंकर स्क्रिप्टशी जुळलं की झालं.

सीस्मिथला कामाला लावा

माणसाने लिहिलेल्या टेस्ट माणसाला सुचलेल्याच चुका पकडतात. युटा विद्यापीठात तयार झालेलं सीस्मिथ रँडम पण वैध सी प्रोग्राम बनवतं. त्याच्या २०११च्या शोधनिबंधात वेगवेगळ्या कंपायलरमधल्या ३२५हून अधिक नव्या चुका सापडल्याचं नोंदवलेलं आहे. १६ बिटी इंट असेल तर त्याच्या प्लॅटफॉर्मच्या फाइलमध्ये इंट आणि पॉइंटरचे आकार बदला. आणि प्रोग्रामने शेवटी छापलेला चेकसम लॅपटॉपवरच्या उत्तराशी ताडू नका, तिथे इंट ३२ बिटी असतो आणि प्रोग्रामचं उत्तरच बदलू शकतं. तुमच्याच कंपायलरचं ओ० विरुद्ध ओ२ असं ताडा. दोन्हीकडे सारखीच चूक असेल तर ती निसटते, त्यासाठी टॉर्चर टेस्ट आहेतच.

फरक सापडला की तो प्रोग्राम छाटून लहान करणाऱ्या सी-रिड्यूसकडे द्या. हजार ओळींचा प्रोग्राम बऱ्याचदा पंधरा-वीस ओळींवर येतो. मग किती पास चालवायचे ते ठरवणारी ऑप्ट-बायसेक्टची मर्यादा कमी-जास्त करत कुठल्या पासनंतर उत्तर बिघडलं ते शोधा. पास सापडला की त्याच्या आधीचा मशीन-कोड फाइलमध्ये काढा आणि त्याचीच छोटी टेस्ट बनवा. अख्खा सी प्रोग्राम टेस्ट म्हणून ठेवू नका. फ्रंटएंड जरा बदलला की तो बग लपून बसतो.

हे रात्रभर चालवायचं असतं. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते आणि यूपीएस तासभरच टिकतो. म्हणून प्रत्येक बियाण्याचा, म्हणजे ज्या आकड्यातून रँडम प्रोग्राम निघतो त्या सीडचा, निकाल लगेच डिस्कवर लिहायचा नियम केला. आधी दोन गुरुवार वाया गेल्यावर.

आकार सगळ्यात शेवटी

कोडचा आकार कमी करण्याची गाजरं सगळ्यांना आवडतात, पण आधीचं पक्कं झाल्याशिवाय हात लावू नका. मोजण्यासाठी एम्बेंच हा छोट्या प्रोग्रामांचा संच घ्या आणि ग्राहकाचा खरा कोड मिळाला तर तोही. प्रत्येक फंक्शन वेगळ्या सेक्शनमध्ये टाकून लिंकरकडून न वापरलेलं काढून घेणं, हा सगळ्यात कमी कष्टाचा उपाय. त्यानंतर असेंबली डोळ्यांनी वाचा, तासनतास. दुसरा मार्ग मला माहीत नाही. एकाच रजिस्टरातून त्याच रजिस्टरात फिरणाऱ्या किमती, पुन्हापुन्हा भरलेला तोच स्थिरांक, प्रिंटएफमुळे विनाकारण शिरलेलं फ्लोट, हे असंच दिसतं.

ग्लोबल आयसेल, म्हणजे इन्स्ट्रक्शन निवडण्याची नवी पद्धत, अर्धवट लिहिलेलं सापडलं तर बाजूला ठेवा. जुनं सिलेक्शन डॅग चालतंय ना, मग दोन चुली पेटवू नका.

मुख्य प्रवाहाशी जोडून राहणं हे मात्र टाळू नका. एलएलव्हीएमच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात. दीड वर्ष मागे राहिलात तर आतले इंटरफेस इतके सरकतात की एक माणूस त्यातच अडकतो. दर आठवड्याला थोडं थोडं ओढत राहा. नवा टार्गेट आधी ‘प्रायोगिक’ म्हणून शिरतो आणि त्याची देखभाल करणारी माणसं आहेत हे दाखवावं लागतं. कोडची तपासणी सप्टेंबर २०२३पासून गिटहबवर होते, म्हणून पॅच लहान लहान करा: आधी रजिस्टर आणि इन्स्ट्रक्शनांचं वर्णन, मग असेंबलर, मग कोडजनरेशन. जीसीसीत पाठवायचं असेल तर २०२१पासून एफएसएफकडे (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे) कॉपीराइट सोपवण्याची सक्ती राहिलेली नाही, पण कंपनीच्या वकिलांशी बोलणं आधीच उरका. तिथे लागणारा वेळ कुठल्याही पासपेक्षा जास्त असतो.

जे करायचंच नाही ते कंपायलरला तोंडाने म्हणायला लावा. आमच्याकडे सी++ची एक्सेप्शन नाहीत, थ्रेड-लोकल नाही, इंटरप्ट हँडलरला आर्ग्युमेंट देता येत नाही. तिन्ही ठिकाणी आधी कंपायलर काहीतरी कोड काढून गप्प बसायचा. आता ओळ क्रमांकासह एरर देऊन थांबतो. हँडओव्हरचा कागद पुन्हा लिहिला तेव्हा त्यात ‘किरकोळ’ हा शब्द ठेवला नाही. उघडी कामं दोन: एमएच-एमएल जपणारा प्रत्येक हँडलर चार इन्स्ट्रक्शनांनी लांबलाय, ते कमी करायचे आहेत. आणि भोसरीला फोन करून काकांना विचारायचंय, मोटर कशी आहे.